व्हरांड्यातली अंगीठी

हिवाळी सुट्टीच्या आधीच्या रविवारी हाउस मास्टर सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "सहावीची मुलं घरी जाण्याआधी त्यांना कार्बन मोनॉक्साइडविषयी दहा मिनिटं सांग. तुझ्याइतकं चांगलं कोण सांगणार?" मागच्या हिवाळ्यात माझ्या बाबतीत काय घडलं ते त्यांना माहीत होतं. निदान जेवढं सगळ्यांना सांगितलं होतं, तेवढं माहीत होतं.

आमची शाळा डोंगरात आहे. इथल्या बऱ्याच मुलांच्या घरी थंडीत अंगीठी पेटते. अंगीठी म्हणजे आपल्याकडची कोळशाची शेगडी. मी विज्ञानाच्या वहीतून तयारी केली आणि फळ्यावर मुद्दे लिहिले. कोळसा जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मग चक्कर, मळमळ, अशक्तपणा येतो, काही सुचेनासं होतं. झोपलेल्या माणसाला तर जागही येत नाही.

"समजलं?"

"यस सर!" सगळे एका सुरात ओरडले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात एकाने हात वर केला. "सर, आमच्याकडे अंगीठीजवळ पाण्याची बादली ठेवतात. मग गॅस होत नाही ना?"

"होतो," मी म्हटलं. "हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बादलीने खोलीतला कोरडेपणा कमी होईल, विष कमी होणार नाही."

मागून दुसरा म्हणाला, "पण सर, कोळसे लाल झाले, धूर संपला, की मग तर आत आणता येते ना?"

मी गप्प झालो. कारण मागच्या वर्षी आम्हीही अगदी हेच म्हणालो होतो. माझा मित्र शेवटच्या बाकावर बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हळूच मान हलवली. मग मी खडू खाली ठेवला आणि खरं काय ते सांगितलं.

मागच्या सुट्टीत माझ्या गाडीचं रिझर्व्हेशन दोन दिवस उशिराचं होतं, म्हणून मी या मित्राच्या गावी राहिलो. त्याच्या आजीला मीही दादी म्हणतो. संध्याकाळी दार उघडं ठेवून आम्ही सगळे अंगीठीभोवती बसलो. झोपायच्या वेळी दादींनी ती उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली. "आग बाहेर, माणसं आत," त्या म्हणाल्या आणि प्रत्येकाला आणखी एक रजाई दिली.

आम्हाला गप्पा मारायच्या होत्या. थंडी मी म्हणत होती. घर झोपल्यावर आम्ही दोघांनी अंगीठी गुपचूप आत आणली. धूर नव्हता, निखारे लालबुंद होते. दाराखालच्या फटीतून वारा येत होता, तिथे मी स्वतः टॉवेल कोंबला.

थोड्या वेळाने माझं डोकं दुखू लागलं. मला वाटलं, प्रवासाने असेल. मित्र बोलता बोलता झोपला. पाणी प्यायला उठावं म्हटलं तर पायांत जोर नव्हता. आणि याचं मला काहीच वाटलं नाही, हेच सर्वांत भयंकर. ज्या डोक्याने धोका ओळखायचा, तेच डोकं आधी बंद पडतं.

रात्री दादी उठल्या आणि त्यांना व्हरांड्यात अंगीठी दिसली नाही. त्यांनी दार ढकललं, खिडकी उघडली, आरडाओरडा करून सगळ्यांना उठवलं आणि आम्हाला ओढत अंगणात आणलं. दवाखान्यात मास्क लावून ऑक्सिजन दिला. बोटाला लावलेलं यंत्र चांगला आकडा दाखवत होतं, पण डॉक्टर म्हणाले, "त्यावर जाऊ नका, त्याला या दोन वायूंतला फरक कळत नाही," आणि त्यांनी रक्त तपासायला घेतलं.

सकाळी सगळ्यांनी दादींना विचारलं, "अंगीठी आत कशी राहिली?" दादी म्हणाल्या, "म्हातारपण. विसरले असेन." आम्ही दोघे खाली मान घालून बसलो होतो. आई-बाबांना, शाळेत, सगळीकडे तेच सांगितलं गेलं. ज्यांनी आम्हाला वाचवलं, त्यांच्याच माथी आम्ही दोष राहू दिला.

वर्गात कोणी "यस सर" म्हटलं नाही. ज्याने लाल कोळशांचं विचारलं होतं, तो वहीत लिहीत होता. मी पुन्हा फळ्याकडे वळलो आणि मुद्दे पुसून दादींचा नियम लिहिला : आग बाहेर, माणसं आत. शहरातल्या एका मुलाने सांगितलं की त्याच्याकडे अंगीठी नाही. मी विचारलं, "गॅस गीझर आहे?" होता, बाथरूममध्येच. तिथेही तोच वायू होऊ शकतो. आमच्या घरीसुद्धा थंडीत आई बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावायची. आता तो काढला आहे आणि गीझर बाहेरच्या भिंतीवर बसवला आहे. शेवटी सांगितलं, एकाच खोलीत दोघांचं डोकं दुखू लागलं तर कारण शोधत बसू नका. दारं उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि ११२ ला फोन करा.

त्याच संध्याकाळी आमची फोनची वेळ होती. आधी मी आई-बाबांना खरं सांगितलं. बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. मग आम्ही दोघांनी दादींना फोन लावला. मी म्हटलं, "दादी, त्या रात्री अंगीठी आम्ही आत आणली होती."

त्या हसल्या. "बेटा, बाहेर मीच ठेवली होती ना? मला त्याच रात्री कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं जिवंत होतात. आणखी काय बोलायचं?" मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "लहान मुलांना नीट सांगितलंस ना?"

"हो दादी," मी म्हटलं. "या वेळी सगळं सांगितलं."