दुसऱ्या टिचकीची वाट
आमचे चिरंजीव मोबाइलची अ‍ॅप्स बनवतात. त्यांच्या फोटोंच्या अ‍ॅपमध्ये एक टिचकी मारली की फोटो बंद होतो, दोन मारल्या की मोठा होतो. मी नातीला मोठी करायला जातो आणि ती नाहीशीच होते!

"बाबा, पहिल्या टिचकीनंतर अँड्रॉइड ३०० मिलिसेकंद दुसरीची वाट पाहतं. नाही आली, तर ती एकटीच धरतं."

"अरे, माझं बोट पेन्शनीत निघालंय! एवढ्यात ते परत खाली येतंय होय?"

"वेळ वाढवली तर एका टिचकीवाले सगळेच खोळंबतील."

तेही खरंच. पण माझ्या फोनपुरता चिरंजीवांनी गुपचूप अर्धा सेकंद करून दिला. हल्ली माझं एक वाक्य संपलं, तरी ते जरा थांबतात. न जाणो, दुसरं यायचं असेल!