भिडूची दश्शी

ज्या वयांत लोक पत्ते सोडून हरिपाठ हातीं घेतात, त्या वयांत आम्ही पत्ते हातीं घेतले, हें ऐकून आमचे जुने विद्यार्थी हंसतील. हंसोत बापडे! पस्तीस वर्षें संस्कृत शिकवितांना ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्त व धर्मराजाचा द्यूतप्रसंग सांगून आम्ही त्यांस पत्त्यांपासून परावृत्त केलें. त्या कथांत दोष पणाचा आहे, खेळाचा नव्हे, हा भेद मात्र आम्ही त्यांस कधीं सांगितला नाहीं.

आमचे वडील बंधू पत्त्यांचे मोठे शोकीन. मालवणांत पावसाळा लागला, समुद्र खवळला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद झाल्या, कीं आमच्या ओटीवर त्यांचा अड्डा बसे. तरुणपणीं एकदां संतापाच्या भरांत आम्ही त्यांचा पत्त्यांचा जोड न्हाणीघराच्या चुलींत घातला. दादा कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं बाजारांतून नवा जोड आला. त्या गोष्टीचा उच्चार त्यांनीं पुढें कधींहि केला नाहीं, आणि आम्ही तर नाहींच नाहीं.

गेल्या वर्षीं दादांस अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला व वाचा गेली. मेंदूच्या डाव्या भागास इजा झाली म्हणजे पुष्कळदां हीं दोन्ही एकदमच जातात, असें डॉक्टरांनीं सांगितलें. दादांस समजतें सर्व, परंतु शब्द येत नाहीं. अड्ड्यांतील मंडळी आरंभीं येत. पुढें कमी होत गेली. मुक्या माणसाजवळ काय बोलावें, हें कोणासच सुचेना. शेवटीं वहिनींनीं एके दिवशीं जोड आमच्यापुढें ठेवला आणि म्हटलें, “भाऊजी, यांना भिडू नाहीं. तुम्ही बसा.”

आमच्या शेजारच्या सावंतवाडीस अद्यापि गंजिफा रंगवितात. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचीं प्रत्येकीं बारा, अशीं १२० वाटोळीं पानें असतात. पण त्या खेळांत जो तो आपल्यापुरता खेळतो. अमेरिकेंतील हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनीं १९२५ सालीं ज्यास आजचें रूप दिलें, त्या ब्रिजांत भिडू असतो खरा, परंतु आधीं बोली करावी लागते. आपल्या मेंढीकोटांत भिडू आहे आणि बोली नाहीं. शब्दानें किंवा मुद्रेनें खूण करणेंहि निषिद्ध. ज्या खेळांत बोलण्यासच मनाई, त्यांत दादांस उणें तें काय?

गुरुपद आमच्या धाकट्या सूनबाईकडे आलें. चौघे खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकास तेरा पानें. उतारीच्या रंगाचें पान ज्याजवळ प्रथम नसेल, तो जें दुसरें पान टाकील त्याचा रंग हुकूम. हात किती केले यापेक्षां दश्शा किती मिळविल्या यास महत्त्व. तीन दश्शा ज्यांच्याकडे त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात हात करणाऱ्यांचा. आणि चारही एकीकडे गेल्या कीं मेंढीकोट. सुतारानें एका फळीस खांचा पाडून दिल्या. त्यांत दादांचीं पानें उभीं राहतात व तीं ते डाव्या हातानें काढतात. वहिनी आणि सूनबाई आमच्याविरुद्ध.

नियम आम्हांस एका दिवसांत पाठ झाले. खेळ येण्यास पावसाळा गेला. एके दिवशीं दादांनीं किलवरचा राजा उतरला. आमच्याजवळ किलवरची दश्शी व चव्वी होती. आमच्यामागून खेळणाऱ्या सूनबाईंकडे एक्का असला तर काय, या भीतीनें आम्ही चव्वी टाकली. वस्तुतः एक्का पूर्वींच पडून गेला होता. दादांच्या तें लक्षांत होतें, आमच्या नव्हतें. पुढें वहिनींनीं किलवरची राणी उतरतांच आमची दश्शी निमूटपणें गेली आणि तिच्यापायीं डावहि गेला. शाळेंत अशा चुकीबद्दल आम्ही विद्यार्थ्यास बाकावर उभें केलें असतें. दादांनीं केवळ पानें आमच्याकडे सरकविलीं: पिसा, म्हणून.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आपली दश्शी भिडूच्या हातांत टाकावयाची म्हणजे त्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवावयाचा. घरांतील हिशेब, बागेची विक्री, मुलांचीं लग्नें, कोणत्याहि गोष्टींत आम्ही दादांच्या बुद्धीवर विश्वास ठेवला होता काय? शिकलेला भाऊ आपण, आणि पत्ते कुटणारा भाऊ तो, हाच आमचा कायमचा हुकूम होता.

पुढच्याच आठवड्यांत आम्ही भीतभीत बदामचा राजा उतरला. एक्का कोठें आहे, याची आम्हांस कल्पना नव्हती. वहिनींनीं पंजी टाकली. दादांनीं क्षणभरहि न थांबतां आपली दश्शी आमच्या राजावर ठेविली. सूनबाईंकडून नव्वी पडली आणि हात आमचा झाला. एक्का दादांच्याच फळींत उभा होता, हें मागून कळलें.

डाव संपल्यावर आम्ही म्हटलें, “दादा, तो जोड आम्ही चुलींत घालावयास नको होता.” वहिनी चकित होऊन पाहूं लागल्या, त्यांस तें ठाऊकच नव्हतें. म्हणजे दादांनीं घरांत कोणासहि सांगितलें नव्हतें! दादांनीं आमच्याकडे पाहिलें, डाव्या हातानें पानें गोळा केलीं व आमच्यापुढें सरकविलीं. वाटण्याची पाळी आमची होती.