हिराबाई आणि माळ्यावरचा तंबोरा

पुण्यांतील सुशिक्षित घरांत गाण्याचा विषय निघाला, म्हणजे हिराबाई बडोदेकरांचें नांव आदरानें घेतलें जातें. आम्हीही तें तसेंच घेत आलों. परंतु आदर करणें निराळें व त्या आदरापासून कांहीं शिकणें निराळें, हें उमगण्यास आम्हांस साठी उलटावी लागली.

हिराबाईंचा जन्म १९०५ सालीं मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे प्रख्यात गवई अब्दुल करीम खां. आई ताराबाई माने, बडोद्याच्या सरदार घराण्यांतील. हीं दोघें पुढें विभक्त झालीं आणि मुलांचा भार आईवर पडला. हिराबाईंस तालीम मिळाली ती वडील बंधु सुरेशबाबू माने व खांसाहेब अब्दुल वहीद खां यांजकडून. १९२१ च्या सुमारास, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षीं, पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयांत त्या प्रथम जाहीरपणें गाइल्या.

या एका गोष्टीचें महत्त्व आजच्या वाचकांस सहज कळणार नाहीं. त्या काळीं स्त्रीचें गाणें म्हणजे कोठीवरचें, नाहीं तर धनिकांच्या दिवाणखान्यांतलें, असाच समज रूढ होता. रंगभूमीवर सुभद्रा आणि रुक्मिणी पुरुषच होत असत. अशा दिवसांत हिराबाई तिकीट लावून झालेल्या बैठकींत, एखाद्या खांसाहेबांप्रमाणें स्वस्थ बसून, ख्याल गाऊं लागल्या. संगीत नाटकांत स्त्रीभूमिकाही करूं लागल्या. हावभाव नाहींत, नखरा नाहीं. मागें तंबोरे आणि एकेका स्वरानें हळुवार उलगडत जाणारा राग. या बाईंनीं वादविवाद केला नाहीं, व्याख्यानें दिलीं नाहींत; केवळ गाऊन आणि वागून त्यांनीं समाजाचें मत पालटलें. पुढें धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांजसह त्यांनीं जुगलबंदीही केली. १९६५ सालीं त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९७० सालीं पद्मभूषण.

पद्मभूषणाचें वृत्त आमच्या वडिलांनीं सर्व घरास मोठ्यानें वाचून दाखविलें, तें आम्हांस चांगलें स्मरतें. सदाशिव पेठेंतील आमच्या वाड्यांत आकाशवाणीवर हिराबाई लागल्या, कीं अण्णांचे डोळे मिटत; मध्येंच कोणी बोललें तर तें त्यांस खपत नसे. "सोज्ज्वळ गाणें," असें ते म्हणत.

आमची आक्का त्या वेळीं सतरा वर्षांची होती. ती चार वर्षें गाणें शिकत होती आणि गळा, आम्हांस कळत होतें तेवढ्यावरून, खरोखरच गोड होता. पुढच्याच वर्षीं तिला चांगलें स्थळ आलें. सासरच्या मंडळींनीं एवढेंच सुचविलें, कीं मुलीनें देवापुढें दोन अभंग म्हणावे, परंतु तालीम व बैठका नकोत. अण्णांनीं तत्काळ मान डोलावली. आदल्याच वर्षीं तें वृत्त वाचून दाखविणारा कंठ तोच होता. त्या रात्रीं आक्का आम्हांस म्हणाली, "तूं तरी अण्णांजवळ एक शब्द बोल रे. तुझें ते ऐकतील." आम्ही तेव्हां पंधरा वर्षांचे होतों. बोलण्याइतके मोठे नक्कीच होतों. परंतु बोललों नाहीं. तंबोरा गवसणींत घालून माळ्यावर गेला.

पुढें आम्ही मास्तर झालों. अनेक वर्षें रघुवंशाचा आठवा सर्ग शिकविला. त्यांत इंदुमतीसाठीं शोक करणारा अज तिला नुसती गृहिणी म्हणत नाहीं. ललितकलांतील आपली प्रिय शिष्या म्हणतो. तें स्थळ आलें, कीं आम्ही मुलांस प्राचीन भारतांतील स्त्रियांच्या कलाशिक्षणाविषयीं उत्साहानें सांगत असूं. आमच्याच माळ्यावरील तंबोऱ्याची आठवण त्या वेळीं एकदांही झाली नाहीं! विद्या पुस्तकांतून मुखांत येते, घरांत यावयास तिला फार वेळ लागतो.

गेल्या वर्षीं आमच्या नातीनें गाणें शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हां तंबोरा खालीं काढला. भोपळ्यास चीर गेली होती. दुरुस्तीस तो मिरजेस पाठविला. जेथें हिराबाई जन्मल्या व जेथें अब्दुल करीम खां चिरविश्रांति घेत आहेत, तें हेंच वाद्यें घडविणाऱ्यांचें गांव. तंबोरा परत आल्यावर आम्ही आक्कास बोलावून घेतलें. तिनें सत्तरी ओलांडली आहे. नातीस जवळ बसवून तिनें तारा जुळविल्या. जोड मिळाली तशी ती क्षणभर थांबली, आणि आमच्याकडे न पाहतां तिनें षड्ज लावला. आवाज कांपत होता, स्वर मात्र जागचा ढळला नाहीं.

आम्हीं तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "आतां पोरीला मध्येंच उठवूं नकोस म्हणजे झालें."

हिराबाई १९८९ सालीं निवर्तल्या. त्यांच्या गुणांची वाखाणणी आमच्या घरांनीं मनसोक्त केली. परंतु त्यांनीं उघडलेलें दार आपल्या मुलींसाठीं किती जणांनीं उघडें ठेविलें, हें ज्यानें त्यानें आपल्या माळ्यावर चढून पाहावें.