आतली बाजू

जुन्या धाटणीचं टोपडं विणायचं ठरलं की मी लोकर आधी मानेला लावून बघते. तिथे टोचली तर ती बाळासाठी नाही. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकच असते. धुवायला सोपी, रंगही सुरेख. पण ज्या घरात न्हाऊ घातल्यावर बाळाला अजून शेगडीवर धुरी देतात, तिथे मी खऱ्या लोकरीचंच देते. ॲक्रिलिक विस्तवाने वितळून कातडीला चिकटतं. खरी लोकर करपते, पण सहसा पेट घेत नाही.

जुन्या इंग्रजी नमुन्यांत बारीक लोकर आणि बारीक सुया सांगितलेल्या असतात. मी १२ नंबरच्या घेते, म्हणजे पावणेतीन मिलिमीटरच्या. काम रेंगाळतं खरं, पण नवजात बाळाचं डोकं असतं जेमतेम ३५ सेंटिमीटर घेराचं. त्यावर जाड लोकरीचं टोपडं कसं शोभणार?

या टोपड्याची मागची बाजू मला फार आवडते. कपाळाकडून सुरुवात करून सरळ पट्टी विणत मागे यायचं. मग टाक्यांचे तीन भाग करायचे आणि फक्त मधला भाग विणत राहायचं. प्रत्येक ओळीच्या शेवटी मधला एक आणि कडेचा एक असे दोन टाके एकत्र विणायचे. कडेचे टाके संपतात तेव्हा डोक्यामागचा गोलवा आपोआप तयार झालेला असतो, एकही शिवण न घालता. बाळ दिवसभर उताणं निजतं ते नेमकं याच भागावर. ज्या कुणा बाईने हे शोधून काढलं, तिने टोपडं आतून पाहिलं असणार.

मीही आतूनच बघते. लोकर जोडायची ती ओळीच्या कडेला, गाठ न मारता. मोज्यांवर दोन रंगांची नक्षी घालत नाही, कारण आत सुटे धागे राहतात. असा धागा इवल्या बोटाला गुंडाळला गेला तर बोट सुजतं, आणि बाळ नुसतं रडत राहतं. जाळीचे टाके घोट्याच्या वरच. गळ्याशी रेशमी फीत जुन्या चित्रांत गोड दिसते. मी ती ओवत नाही, हनुवटीखाली आखूड पट्टी विणून बटण घट्ट शिवते.

स्वेटर पुढून उघडा. आपलं झबलं मागून बांधतात, हा पुढून. डोक्यावरून ओढावं लागू नये, हा हिशेब दोन्हीकडे एकच. आणि बाही सैल, कारण मिटलेली मूठ आत अडकते. आईला मनगटाकडून बोटं घालून ती बाहेर घ्यावी लागते. म्हणून तिथले टाके मी १० नंबरच्या जाड सुईने बंद करते. माझी तीन बोटं सहज आत गेली नाहीत, तर ती ओळ उसवून पुन्हा घालते.