तीन टेकड्या आणि पत्र्याची पेटी

आसगाव ते पवनी हे अंतर फार नाही. आमच्या चौरास भागातली माणसे बाजाराला, तहसिलीला, दवाखान्याला पवनीस जातात आणि दिवस मावळायच्या आत परततात. जाता-येता गावालगतच्या टेकड्या दिसतात. पण त्यावर कोण चढतो?

मागच्या वर्षावासात विहारातली पोरे घेऊन मुद्दाम गेलो. जगन्नाथ टेकडी, चांदकापूरची सुलेमान टेकडी आणि हरदोलाला टेकडी, अशा तिन्हींची नावे सांगितली. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, यात बुद्धाचं नाव कुठंच नाही!”

तिचे खरे होते. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीत उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीच्या पोटात विटांचा प्राचीन स्तूप निघाला. त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. नाव पुसले गेले, पण मातीने आपली साक्ष जपून ठेवली होती.

ग्रंथालयातून आणलेल्या छायाचित्रांच्या झेरॉक्स प्रती मी पोरांना दाखवल्या. एका शिल्पात रिकाम्या आसनामागे पाच फण्यांचा नागराज मुचलिंद आहे आणि बाजूला ब्राह्मीत त्याचे नाव कोरलेले आहे. तथागताची मूर्ती नाही, नुसते आसन. दगडांवर दान देणाऱ्यांचीही नावे आहेत. त्यातला एक दाता नाग नावाचा, पाचही निकाय जाणणारा. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूर का निवडले हे सांगताना धम्म पसरविणाऱ्या नाग लोकांची आठवण दिली होती. ते भाषण पोरांनी जयंतीला पाठ म्हटलेले. त्या दिवशी त्याचा अर्थ टेकडीवर उभे राहून कळला.

परतीच्या वाटेवर रुयाडच्या महासमाधीभूमीला वंदन केले. पञ्ञा मेत्ता संघाने उभारलेला हा महास्तूप ८ फेब्रुवारी २००७ रोजी खुला झाला. दरवर्षी तिथे धम्मबांधवांची रीघ लागते. त्यातल्या निम्म्यांनी जरी वाट वाकडी करून त्या टेकड्या पाहिल्या तरी पुष्कळ होईल.

पुढे दिवाळीच्या सुटीत नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय पाहिले. १८६३ साली सुरू झालेले हे संग्रहालय आपल्या आयाबायांना अजब बंगला म्हणूनच ठाऊक. पवनीला सापडलेला महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ या संग्रहालयाकडे आहे. तो आपल्या पवनीचा, असे सांगताच पोरांचे चेहरे फुलले. शेजारचा दगड ओळखायला आम्हाला नागपूर गाठावे लागले!

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. आमच्या भागातले एक वृद्ध उपासक १९५६ च्या दीक्षेला गेलेले. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले, तेव्हाचा प्रचारही त्यांनी पाहिलेला. त्यांच्याजवळ जुनी पत्रके होती, कलापथकाच्या गाण्यांची वही होती. “एक दिवस बसून सारे लिहून घेतो, बाबा,” असे मी दोन वर्षे म्हणत राहिलो. ते वारले. घर नव्याने बांधायला काढले, तेव्हा पत्रके आणि वही रद्दीत गेली. मी तेराव्या दिवसानंतर पोचलो. घरच्यांना दोष कसा देऊ? त्यांना त्या कागदांचे मोल कुणी सांगितलेच नव्हते, आणि सांगणारा मी कचेरीतल्या फायली लावत बसलो होतो.

गोसीखुर्दच्या पाण्यात गावेच्या गावे गेली. माणसांचे पुनर्वसन झाले, आठवणींचे कोण करणार?

म्हणून आम्ही विहारात पत्र्याची एक पेटी आणि एक रजिस्टर ठेवले आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस. ज्या मालाची नोंद नाही तो माल नाही, एवढे मला कळते. वस्तूचा क्रमांक, कुणी दिली, कुणाची होती, कशी वापरली, असे रकाने आखले. लिहिण्याचे काम महिला मंडळाने उचलले. एका आजीने दीक्षेच्या दिवशी नेसलेल्या पांढऱ्या लुगड्याचा पदर दिला. समता सैनिक दलाची एक टोपी आली. फोटो आम्ही मोबाईलवर उतरवून मूळ प्रत घरी परत करतो, त्यामुळे लोक निःसंकोच देतात. दर पौर्णिमेला वंदनेनंतर एक वस्तू काढायची आणि ज्यांची त्यांनी तिची हकीकत सांगायची, असा क्रम आहे. पोरे लिहून घेतात.

याला संग्रहालय म्हणा की नका म्हणू. पवनीच्या दात्यांनी आपले नाव दगडात कोरले, म्हणून दोन हजार वर्षांनी ते आपल्याला भेटले. आपल्याजवळ वही आहे, पेन आहे. बंधुभगिनींनो, आज घरी गेल्यावर आजीची पेटी उघडा, तिच्याजवळ बसा आणि विचारा. उद्यावर टाकू नका. मी टाकले होते.

जयभीम!