आज कोणता रंग?

बेळगावच्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला करड्या आभाळाचं भय वाटू नये. पण २०१७ साली ह्यांच्या नोकरीनिमित्त मी कॉलेजातून वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन स्वीडनमधल्या उप्सालाला गेले आणि नोव्हेंबरातच हबकले. झाडांची पानं झडलेली, बर्फ अजून पडायचं होतं, माणसांचे कोटही काळे. डिसेंबरात तर सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवायचा आणि दुपारी तीनच्या आतच मावळायचा.

त्या वेळी बेळगावात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असत. आई देवापाशी दिवा लावून व्हिडिओ कॉलची वाट बघत बसे. आदल्याच वर्षी बाबा गेले होते. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढं झालं की बोलणं संपायचं. एकदा काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हटलं, "आई, आज रस्त्यात बालवाडीची पोरं ओळीनं चाललेली दिसली. सगळ्यांच्या अंगात झेंडूसारख्या पिवळ्या बंड्या. अंधारात गाडीवाल्यांना दिसावीत म्हणून!" आई कितीतरी दिवसांनी हसली. दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "आज कोणता रंग?"

मग रोज एक रंग शोधायचा नेमच झाला. नाताळाच्या आधी खिडक्याखिडक्यांत टांगलेले कागदी तारे. स्टॉकहोमच्या मेट्रोचं सोल्ना सेंट्रुम स्टेशन, खडकात खोदलेलं, छत कुंकवासारखं लाल आणि खाली हिरव्या रानाचं चित्र. टी-सेंट्रालेन स्टेशनात पांढऱ्या खडकावर निळे वेल. धावपळीतल्या प्रवाशांना जरा शांत वाटावं म्हणून चित्रकारानं १९७५ साली मुद्दाम निळा रंग निवडला. ईस्टरच्या आधी बर्चच्या निष्पर्ण फांद्यांना बांधलेली गुलाबी, जांभळी, पिवळी पिसं. झाड फुलायची वाट न बघता माणसांनीच त्याला फुलवलेलं! शेजारच्या अक्कांनाही नाद लागला. कंपाउंडवरून त्या आईला विचारायच्या, "इवत्तु याव बण्ण?"

पण आईला सगळ्यात आवडला तो घरांचा लाल. तिथल्या खेड्यापाड्यांतली लाकडी घरं एकाच गडद, मातकट लाल रंगाची असतात; कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या पांढऱ्या. हा रंग फालुन गावच्या तांब्याच्या खाणीतला. तिथली लोहयुक्त माती भाजायची आणि राय नावाच्या धान्याचं पीठ, पाणी व जवसाचं तेल घालून शिजवायची. पूर्वी श्रीमंत लोक आपलं लाकडी घर विटांचं दिसावं म्हणून तो लावत. एकोणिसाव्या शतकात तो साध्या शेतकऱ्यांच्या घरांवरही आला. खाण १९९२ साली बंद झाली, रंग मात्र अजून तयार होतो.

"अगं, म्हणजे आपली कावच की!" आई म्हणाली. तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं, तांबड्या मातीतलं. दिवाळीच्या आधी तुळशीवृंदावनाला आणि ओट्याच्या कडेला काव लावायचं काम लहानपणी तिचं असे. आपल्याकडे काव, कन्नडात कावी. शब्दसुद्धा मातीसारखाच, दोन्ही घरचा.

मे महिन्यात एका शनिवारी आम्ही उप्सालाबाहेर फिरायला गेलो होतो. एक सत्तरीच्या पुढच्या आजी शिडीवर चढून आपल्या घराला लाल रंग देत होत्या. थोडं बोलणं झालं. त्या एकट्याच राहत होत्या. संध्याकाळी मी हौसेनं आईला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "एकटी? आणि यजमान?"

"बरीच वर्षं झाली त्यांना जाऊन."

"आणि ती लाल लावतेय?"

मला उत्तर सुचेना. स्क्रीनवर आई दिसत होती, धुऊन धुऊन विटलेल्या राखी साडीत. बाबा गेल्यापासून ती असल्याच साड्या नेसत होती. आमच्या घरात तिला कुणी काही बंधन घातलं नव्हतं, आम्ही सुधारलेले! विधवांच्या प्रश्नावर मी वर्गात तास घेते. पण "तू असं का नेसतेस?" हे मी एकदाही विचारलं नव्हतं. परक्या मुलखातले रंग मी तिला रोज सांगत होते आणि तिच्या अंगावरचा गेलेला रंग रोज समोर असून मला दिसला नव्हता.

त्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, "कुणी नको म्हटलं नाही गं. पण नेस असंही कुणी म्हटलं नाही."

ऑगस्टात आम्ही परतलो. दिवाळीच्या आधी आईनं आणि अक्कांनी मिळून वृंदावनाला, ओट्याला काव लावली. साडीचं मात्र ती "बघू" म्हणाली. मीही घाई केली नाही, फक्त कॉलेजातून येताना रोज विचारत राहिले, "आई, आज कोणता रंग?"

पाडव्याला ती आतून आली ती ट्रंकेतली जुनी इरकल नेसून.

"निळी आहे हो," माझ्याकडे न बघताच ती म्हणाली.

आता इरकलीचं अंग कोणत्याही रंगाचं असो, पदर लाल असतो, हे तुम्हाला मी काय सांगावं?