हुपरीची चांदी आणि सिरियलवाली फियाट

पुण्या-मुंबईकरांचा कोल्हापूर विकएन्ड म्हणजे ठरलेलं पॅकेज. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर भेळ, तांबडा-पांढरा आणि परत निघताना डिकीत चपला नि गूळ. झालं कोल्हापूर! या यादीत हुपरी कधीच नसतं. गंमत म्हणजे त्याच ग्रुपमधल्या एखाद्या मुलीच्या पायातले पैंजण हुपरीचेच असतात, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

हातकणंगले तालुक्यातलं हे गाव. (आता नगरपरिषद आहे, त्यामुळे ‘गाव’ म्हटलेलं सगळ्यांनाच आवडेल असं नाही!) चहूकडे ऊस, शेजारी जवाहर साखर कारखाना, पलीकडे कागल-हातकणंगले फाइव्ह स्टार एमआयडीसी. लांबून पाहिलं तर पश्चिम महाराष्ट्रातलं एक टिपिकल सधन गाव. पण गल्लीत शिरलात की आधी कानाला फरक कळतो. बारीक टकटक, मध्येच फुंकणीचा फुस्स आवाज आणि कुठूनतरी घुंगरांची सळसळ. इथे चांदीचा कारखाना म्हणजे एक मोठी शेड वगैरे नव्हे. इथे अख्खं गावच कारखाना आहे. एका घरात चांदी आटते, दुसऱ्या घरात तिची तार आणि पट्टी निघते, तिसऱ्या घरात घुंगरू होतात, कुणी डाक देतं, कुणी पॉलिश करतं. दारात बसलेल्या बायका मांडीवर ताट घेऊन कड्यात कडी अडकवत गप्पा मारत असतात, आणि त्यांची नजर ताटाकडे क्वचितच असते. पैंजण, छुमछुम, वाळे, जोडवी, करदोडे... एकेक नग पाच-सहा उंबरे ओलांडून दुकानात पोचतो.

अशा गावात मी गेले ती मात्र गाडी बघायला.

कॉलेजातला एक मित्र हिंजवडीत आयटीत आहे. त्याच्या बाबांची फियाट होती. त्याच्या इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनच्या वर्षी ती विकली गेली. बाबांनी त्याबद्दल एक शब्दही कधी काढला नाही, आणि नेमकं तेच याला खात होतं. आता बाबा सत्तरीचे होणार. हुपरीत एका चांदी व्यापाऱ्याकडे १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे, एका मालिकेसाठी नव्यासारखी करून घेतलेली, अशी टिप त्याला मिळाली. फोटोत गाडी अशी होती की लग्नाच्या स्थळाच्या फोटोलाही इतका टचअप नसतो!

या भागात गाडी ‘सिरियलवाली’ असणं फार नवलाचं नाही. १९२९ मध्ये ‘प्रभात’ कोल्हापुरातच सुरू झाली, मोरेवाडीला चित्रनगरी आहे, आणि हुपरीच्या वाटेवरच्या वसगडेच्या वाड्यात ‘तुझ्यात जीव रंगला’चं शूटिंग व्हायचं तेव्हा लोक बसेस करून तो वाडा बघायला यायचे. (आपली गाडी त्या मालिकेतली नव्हे. ती कुठली, ते इथे महत्त्वाचं नाही.) मालिकेचं काम संपलं, गाडी विकायला निघाली आणि या व्यापाऱ्यांनी हौसेनं घेतली. दोन वर्षं ताडपत्रीखाली होती.

ताडपत्री निघाली आणि मित्र गप्पच झाला. क्रीम कलर, चकचकीत बंपर, लाल रेक्झिनची सीट. गिअर स्टिअरिंगवर. सांगितलेली किंमत तीन लाख ऐंशी हजार.

“टीव्हीवर दिसलीया ती, साहेब. अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलीया,” मालक म्हणाले.

मागे खाटेवर त्यांचे वडील बसले होते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “बघितलीया म्हणून वजन वाढलं काय तिचं?”

खरं सांगायचं तर आपल्या पिढीला जुन्या गाड्यांचं हे वेड टीव्हीनंच लावलं. ‘व्हीलर डीलर्स’ आठवतंय? २००३ मध्ये सुरू झालेला तो ब्रिटिश शो डिस्कव्हरीवर आपण तोंड उघडं टाकून बघायचो. माइक ब्रुअर घासाघीस करून गाडी आणायचा, उंचपुरा एड चायना (२०१७ मध्ये तो शोमधून बाहेर पडला) ती खोलून पुन्हा जोडायचा, आणि शेवटी स्क्रीनवर हिशेब यायचा. गाडी इतक्याची, पार्ट्स इतक्याचे, विकली इतक्याला, नफा इतका. त्या हिशेबात एडच्या कष्टाचे तास कधी धरलेलेच नसायचे! म्हणजे मजुरी शून्य. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले. हुपरीत मजुरी सोडून हिशेब मांडणाऱ्याला धंद्यातून उठावं लागेल.

एमटीव्हीवरचा ‘पिंप माय राइड’ (२००४) तर त्याहून भारी. खटारा आणा, झगमगाट घेऊन जा! पुढे २०१५ मध्ये त्यातल्या काही गाडीमालकांनीच सांगितलं की काही वस्तू फक्त शूटिंगपुरत्या बसवल्या होत्या आणि नंतर काढूनही नेल्या. गॅरेज आणि सेट या दोन वेगळ्या जागा आहेत, बॉस. गॅरेजवाला गाडी रस्त्यासाठी करतो, सेटवाला कॅमेऱ्यासाठी. यात फसवणूक असतेच असं नाही, त्याचं कामच तेवढं असतं. प्रॉब्लेम होतो तो दुसऱ्यासाठी केलेलं काम आपण पहिल्याच्या भावात घेतो तेव्हा.

अण्णा उठले, आत गेले आणि एक छोटं लोहचुंबक घेऊन आले. गिऱ्हाइकाकडून जुनी मोड घेताना त्यात लोखंड घुसडलंय का, हे बघायला ते लागतं. ते माझ्या हातात देत म्हणाले, “ताई, हे चांदीला चिकटलं तर माल खोटा. गाडीला नाही चिकटलं तर गाडी खोटी. लावा.”

लावत गेलो. बॉनेटला चिकटलं. टपाला चिकटलं. डाव्या बाजूचा पुढचा दरवाजा, वरचा अर्धा भाग ठीक. खालच्या अर्ध्यात चुंबक सरळ घसरून जमिनीवर! पत्रा सडलेला, त्यावर बोटभर जाड पुट्टी आणि पुट्टीवर तो सुंदर क्रीम रंग. दरवाजाखालच्या पट्टीलाही तेच. मग उजवीकडे गेलो. हा भाग इतका चकचकीत नव्हता, रंग मळकट, दोन-तीन पोचे तसेच. पण चुंबक जिथे लावू तिथे टक्कन बसत होतं. मालकांनीच सांगितलं, शूटिंगमध्ये गाडी बहुतेक डावीकडूनच दिसायची. म्हणजे सगळा मेकअप डाव्या गालाला, आणि अस्सल पत्रा उजव्या.

मग मित्रानं मॅट उचललं. खाली पत्र्याचा एक सुटा तुकडा टाकलेला होता. तो सरकवला, तर भोकातून हुपरीची जमीन दिसली. ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला. “शॉटला धक्का मारूनच घेत होते,” मालक थोडे खाली आवाजात म्हणाले. मित्राचा चेहरा उतरला. ही गाडी शोपीस म्हणून घ्यायची नव्हती. ती बाबा चालवणार होते, शेजारी आईला बसवून.

जमेची बाजूही होती, आणि ती मोठी होती. बॅटरी लावली, चोक ओढला, तिसऱ्या स्टार्टरला १०८९ सीसीचं ते इंजिन असं बोलायला लागलं की गल्लीतली दोन माणसं बघायला आली. चॅसिस आणि इंजिनचे नंबर आरसी बुकाशी जुळत होते. आरसी मात्र अजून पहिल्याच मालकाच्या नावावर. ना प्रॉडक्शनवाल्यांनी ट्रान्सफर केलेली, ना यांनी.

मित्राला पटेना. त्यानं मोबाइलवर बॅटमोबिल काढून दाखवली. १९६६ च्या मालिकेतली ती काळी गाडी मुळात ‘लिंकन फ्युचुरा’ ही १९५५ ची प्रदर्शनातली गाडी होती. जॉर्ज बॅरिसनं ती अवघ्या एका डॉलरला घेतली, मालिकेसाठी तिचं रूप पालटलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये लिलावात तिला कमिशनसकट ४६ लाख डॉलरच्या वर किंमत आली. मग टीव्हीच्या नावाला किंमत नाही असं कसं?

मुद्दा चुकीचा नव्हता. पण तिथे लोकांनी बॅटमोबिलच बघितली होती. इथे लोकांनी मालिका बघितली, नायिका बघितली, तिच्या साडीचा पॅटर्नही लक्षात ठेवला. मागे उभी असलेली क्रीम फियाट कुणाला आठवतेय? उद्या तीच गाडी मित्र विकायला काढेल तेव्हा घेणारा फ्लोअर बघेल, सिरियलचं नाव विचारणार नाही. नावावर गाडी ओळखतात ती कोल्हापुरात एकच. राजाराम महाराजांच्या काळातली भगवी मेबॅक. दसऱ्याला ती दसरा चौकात येते तेव्हा लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभे असतात. तिला कुठल्या चॅनेलची गरज पडलेली नाही.

मग अण्णांनी हिशेब मांडला, अगदी पैंजणाचा मांडतात तसा. हुपरीत मालाचा भाव टंचावर ठरतो. शंभर टंच म्हणजे शुद्ध, साठ टंच म्हणजे शंभरात साठ भाग चांदी, बाकी दुसरा धातू. कमी टंचाचा माल असणं हा गुन्हा नाही. तो तेवढाच टिकाऊ, तेवढाच देखणा असू शकतो. गुन्हा आहे तो साठ टंच ऐंशीच्या भावात देणं. टंचाप्रमाणे मालाची किंमत वेगळी, मजुरी वेगळी. आटवताना होणारी घट वेगळी. आणि वरचं पॉलिश? ते मजुरीतच आलं, त्याचा वेगळा भाव लावत नाहीत.

पाटीवर खडूनं आकडे पडत गेले. इंजिन, गिअरबॉक्स, चॅसिस, काचा, उजवी बाजू हा अस्सल माल. सीट आणि बंपरचं क्रोम नवं केलेलं, त्याची मजुरी खरी, ती धरली. डाव्या बाजूची पुट्टी? वजा, कारण ती खरवडून काढायलाच पुन्हा मजुरी लागणार. फ्लोअर वजा. ब्रेक वजा. टीव्हीचं नाव? अण्णांनी तिथे एक मोठं शून्य काढलं आणि मुलाकडे बघितलं. बेरीज झाली दोन लाख पंधरा हजार.

मालक अर्थातच खूश नव्हते. त्यांच्या जागी मीही नसते. पण बापानं पाटीवर लिहिलेला आकडा पुसायची हिंमत चाळिशीतल्या माणसालाही होत नाही, निदान हुपरीत तरी.

आता कागदपत्रांचा कंटाळवाणा भाग. पण तुमच्यापैकी कुणी असं काही घ्यायच्या विचारात असेल तर हा वाचाच. ‘व्हिंटेज’ हा शब्द विकणारे सर्रास वापरतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी. तिला नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही खास अक्षरं मिळतात, नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढचं नूतनीकरण ५ हजार. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी. दोन, गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणजे टीव्हीसाठी कुणी टप कापला, बॉडी बदलली, तर तिथेच पत्ता कट! १९७८ ची पद्मिनी तर पन्नाशी गाठणार २०२८ मध्ये. तोवर तिला साधाच रस्ता. फिटनेस तपासणी, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. त्यावर पहिल्या मालकाची सही हवी. सुदैवानं ते गृहस्थ हयात आहेत आणि सांगलीतच राहतात.

पार्ट्सची काळजी त्यामानानं कमी. पद्मिनी १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या रूपात, १९७४ पासून ‘पद्मिनी’ नावानं आणि थेट २००१ पर्यंत बनत होती. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षं टॅक्सीवाल्यांनी जिवंत ठेवलेल्या गाडीचे मेकॅनिक एका रात्रीत संपत नाहीत. आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तर नमुना दाखवला की वस्तू बनवून मिळते.

सौदा ठरला तो असा : पंचवीस हजार टोकन, गाडी आधी उद्यमनगरात जाणार, फ्लोअर आणि ब्रेक होणार, ते बिल मित्राचं. ट्रायल घेतल्यावर आणि फॉर्मवर सह्या झाल्यावर बाकीचे पैसे. निघताना मी दोन जोड छुमछुम घेतले. काकींनी टंच किती, मजुरी किती, हे न विचारताच सांगितलं.

गाडीत बसून मित्रानं घरी फोन लावला. सरप्राइज वगैरे द्यायचं होतं, पण त्याला राहवेना. बाबांनी रंग विचारला नाही, किंमत विचारली नाही. म्हणाले, “गिअर स्टिअरिंगवर आहे ना? मग हँडब्रेकवर विसंबू नकोस म्हणावं मेकॅनिकला, आधी व्हील सिलिंडर उघड.”

महिना झाला, गाडी अजून उद्यमनगरातच आहे. फ्लोअर कापल्यावर खालचा एक आडवा बीमही गंजलेला निघाला. खर्च अठरा हजारांनी वाढला. मित्रानं अण्णांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, “आटवल्यावर घट निघणारच की. पाटीवर धरली न्हवती व्हय आपण?”